मोहाच्या फुलाची तारीख

सहा शीटांचे सहा गुण, प्रयोगवहीवर मॅडमची सही आणि तीन दिवसांची वाचलेली पायपीट. त्या गुरुवारी दुपारी अपेक्षाच्या पदरात एवढे पडणार होते. बदल्यात द्यायचे काय, तर थोडा डिंक आणि सहा कोरी लेबले. सौदा वाईट नव्हता. मी समोरच्याच कपाटावर होते, म्हणून मला नेमके ठाऊक.

मित्रांनो, मी झाडे दाबून वाळवायची एक जुनी सागवानी प्रेस आहे. यवतमाळच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझा मुक्काम असतो. सागाच्या पट्ट्यांच्या दोन जाळ्या आणि त्यांना आवळणारे दोन पट्टे, एवढाच माझा देह. पोटात वर्तमानपत्रे घालायची, त्यांच्यात फूल-पानांसकट झाड पसरायचे, वरून आवळायचे. रोज कागद बदलला की झाड सुकते. मग ते जाड कागदावर चिकटवायचे आणि कोपऱ्यात लेबल लावायचे: नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याची सही. त्याला मुले शीट म्हणतात.

सुताराने मला घडवले तेव्हा माझा लाड होता. सहलीला पहिली जागा माझी. दर वर्षी नवी झाडे पोटात येत आणि मला एक खोड लागली: प्रत्येकाची चौकशी करायची. तू कुठली? कोणी तोडले? त्या माणसाला घाई का होती? हळूहळू मुले मोबाइलवर फोटो काढू लागली आणि मी कपाटावर गेले. तिथून माणसे छान दिसतात.

चार वर्षांपूर्वी सुरभी नावाची मुलगी मोह घेऊन आली होती. मार्च महिना होता. मोहाची फुले पहाटे गळतात, म्हणून ती अंधारातच झाडाखाली जाऊन बसली होती. गळण्याआधीचा घोस हवा, असा तिचा हट्ट. तिने सात दिवस न चुकता कागद बदलला. इतके जपून मला पुन्हा कोणी हाताळले नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. परीक्षा झाली की जुनी शीटे पुढच्या वर्गाला उतरतात, जशी थोरल्या बहिणीचा फ्रॉक धाकटीला. जुन्या लेबलावर नवे चिकटवले की झाले. सुरभीची शीटे अशीच फिरत फिरत संघदीपकडे आली होती, आणि त्याच्याकडे जास्तीची सहा होती.

अपेक्षाकडे एकोणीस होती. पंचवीस झाल्याशिवाय मॅडम सही करत नाहीत आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. सोमवार शेवटचा दिवस. मुलगी आळशी नव्हती. दोन सेमिनार, एक टेस्ट आणि प्रोजेक्टची मातीची पाकिटे यांनी तिचे सत्र खाल्ले होते. डोळ्यांखाली काळे, डब्यातली पोळी तशीच.

"घे न," संघदीप म्हणाला. "मी काय तुले मिरवणूक काढाले सांगून राह्यलो? लेबलच त चिकटवाचं हाय."

"अन् परीक्षा घ्याले येनाऱ्या बाहेरच्या सरांनी विचारलं त?"

"थे काय तारखा पाहतात? फुलं मोजतात अन् चहा पेतात."

तिने घेतली. आपल्याच एकोणीस शीटांच्या यादीतून तारखा उतरवल्या, गाव स्वतःचेच टाकले, मारेगाव. चार झाली. पाचव्यावर तिने लिहिले: मोह, बारा ऑक्टोबर.

उकंडाकाका टेबल पुसत होते. तेवीस वर्षे ते हीच प्रयोगशाळा झाडतात. फडके थांबले.

"काहून व पोरी, मारेगावले मोह ऑक्टोबरात फुलते?"

अपेक्षाने लेबलाकडे पाहिले. जणू दुसऱ्याच कुणी लिहिले होते.

"तुह्या घरी मोह येचतात न?"

"येचतात," ती म्हणाली. "फागुन-चैतात. आई नेते मले."

"मंग? मारेगावची पोरगी अन् मोहाचा महिना चुकली. तुह्या मायले सांगू नको, जेवाले नाही देणार."

संघदीप हसला. "मार्च लिही न मग."

"वर्ग जुलैत सुरू झाला," अपेक्षा म्हणाली. "मार्चमधे मी कुठं होती इथं?"

मग तिने ओले लेबल उचकटले. त्याबरोबर मधलीही सुटली आणि तळाशी सुरभीची सही निघाली, बारीक, सरळ. ती तिने बोटाने पुसून वाचली. मलाही वाटत होते, आता ही काय करील? खरे सांगते, मी तिच्या थकव्यावरच पैज लावली असती. तिने बाकीची चारही लेबले काढली आणि सहाही शीटे संघदीपला परत दिली.

"आता तीन दिवसांत सहा झाडं कुठून आणतेस?" त्याने विचारले.

उत्तर काकांनी दिले. "माह्या वावरात चाल. तण फुकट हाय."

शुक्रवारी सकाळी ती काकांच्या गावी गेली. कपाशीच्या ओळींतून तरोटा, कुर्डू, आघाडा, एकदांडी, दुधी आणि केना उपटून आणले. हडबडीत तिने मला इतके आवळले की माझा एक पट्टा तुटला. रविवारी प्रयोगशाळा बंद. म्हणून शनिवारीच काकांनी मला सायकलवर बांधले आणि घरी नेले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा कुणाचे अंगण पाहिले. तुटक्या पट्ट्याच्या जागी त्यांच्या बायकोने, सत्यभामाबाईंनी, माझ्यावर पाटा ठेवला. मसाल्याचा वास मला अजून सुटलेला नाही.

अपेक्षा दिवसातून तीनदा येऊन कागद बदलत होती. सत्यभामाबाई बघत बसल्या.

"या कचऱ्याले वाळवून काय भेटते व?"

"मार्क, काकू."

"हात्तिच्या. आमी त हे मार्क निंदून वावराच्या धुऱ्यावर फेकतो." मग वाकून म्हणाल्या, "हा केना हाय न? याची भजी करतात. रसाचं झाड हाय, वाळनार नाही."

तसेच झाले. पाच झाडे सुकली. केना काळा पडला.

सोमवारी मॅडमनी शीटे मोजली. पंचविसाव्यावर बोट ठेवले. "हे काय आहे?"

अपेक्षाने शीट मॅडमसमोर सरळ केले. परीक्षा या एका काळ्या पानावर अडली होती. "केना आहे मॅडम. रस फार आहे. नऊ वेळा कागद बदलला, तरी काळा पडला."

"लेबलवर तसं लिहिलंय का?"

"लिहिलंय."

मॅडमनी वाचले. "बरं," म्हणाल्या, आणि सही केली.

परीक्षेत बाहेरच्या सरांनी नेमका केनाच उचलला. पाणीदार झाडे आधी उकळत्या पाण्यात बुडवून मग दाबतात, हे अपेक्षाला तोवर वाचून कळले होते. तिने ते सांगितले. सरांनी मान हलवली आणि काळ्या पानाचा गुण तरीही कापला. परत आलेला मोह संघदीपने आपल्याच शीटांत घातला होता आणि त्याच्या लेबलावर आता मार्च महिना होता. तो त्यांनी पाहिला, आणि पान उलटले.

मित्रांनो, एवढेच मागते. प्रेस आवळताना हात हलका ठेवा, कागद रोज बदला, आणि जुन्या लेबलावर नवे चिकटवण्याआधी खालचे एकदा वाचा. तिथे कुणीतरी पहाटे उठलेले असते.

आता कोणी काय भरले ते सांगून टाकते. अपेक्षाचा एक गुण गेला. उकंडाकाकांचा रविवार गेला, सत्यभामाबाईंचा दोन दिवस पाटा अडकला. माझा पट्टा तुटला. तिथे सध्या सुतळी आहे. संघदीपला पंचवीसपैकी पंचवीस मिळाले, त्याने काहीच भरले नाही. त्याचे सुरभीने भरले. ती वणीकडच्या एका शाळेत शिकवते म्हणे. तिला अजून कळलेले नाही.