एकविसाव्या दिवसाची भाकर

मुदतीचा ताप म्हणजे दांडगा पाहुणा. एकदा आला की एकवीस दिवस हलायचं नाव घेत नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी तो वडनेरच्या पुंजाजीकडे आला. मळ्यातली वांगी झाडालाच जून झाली. तोडणार कोण? बायको तानुबाई खाटेपासून हलत नव्हती.

नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी औषध देऊन बजावलं होतं, "हा टायफॉईड. ताप अंगाला दिसतो, पण जखमा आतड्यात पडतात. तिसऱ्या आठवड्यात आतडं ओल्या कागदासारखं होतं. ताप उतरला की भूक खवळेल, तेव्हाच जास्त जपा. पेज द्या, ताक द्या, भाकरीचा तुकडा देऊ नका. अंग एकाएकी गार पडून पोट फळीसारखं कडक लागलं, तर आतडं फाटलं समजा, असाल तसे निघून या."

ओला कागद! तानुबाईच्या काळजात तो शब्द रुतून बसला. ताप ओसरत आला तसा पुंजाजी भाकर मागायला लागला. वास नको म्हणून तिने सासूपुरत्या भाकरी शेजारच्या शालूबाईच्या चुलीवर थापायला घेतल्या, स्वतःही पेजच पिऊ लागली. तरी एवढा बाप्या माणूस लेकरासारखा रडायचा. "उपाशी मारू राह्यली तू मले!"

सासू झुंबरबाई डोळ्याला पदर लावायची. "कसाईन हायेस तू." गावातल्या बायाही तेच म्हणत. म्हणोत बापड्या! तानुबाईला नवरा जिता पाहिजे होता, बस.

एकविसाव्या दिवशी सकाळी ती घटकाभर मळ्यात जाऊन आली. दारात झुंबरबाई नारळ घेऊन उभी, तोंडावर हसू मावेना.

"तानू, ताप गेला वं! अंग कसं थंडगार लागून राह्यलं. मारुतीले नारळ फोडून येतो."

तानुबाई आत धावली. पुंजाजी गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. कपाळ गार होतं खरं, पण घामाने निथळत होतं. "पोटात काई फाटलं वं," तो कण्हला. तिचा हात त्याच्या पोटाकडे जाईना, इतकी ती भ्याली होती. शेवटी ठेवला. पोट नव्हतंच ते, नुसती फळी होती.

खाटेखाली भाकरीचा पापुद्रा पडलेला तिला दिसला. ती दारातल्या सासूवर ओरडली,

"आत्याबाई! काय देल्लं तुमी त्याईले?"

शालूबाईच्या नवऱ्याने तशीच बैलगाडी जुंपली. न फोडलेला नारळ छातीशी धरून म्हातारीही चढली, आणि एकच बोलत राहिली, "मी तं निरी भाकर देल्ली वं. तिखटाचं बोटबी नाई लावलं. लेकरू भुकेलं होतं माहं."

गाडी खड्ड्यात आदळली की पुंजाजी विव्हळायचा. त्याचे पाय बर्फ होत चालले होते. तानुबाई ते चोळत होती, चोळत होती. वीस दिवस तिने ज्याला शिव्या घातल्या, तोच आता ती देवाजवळ मागत होती.

"येऊ दे रे देवा, ताप येऊ दे. याचं अंग तापू दे."