अमेरिकेहून आलेला फोन

जयदीपने अमेरिकेहून पाठवलेला फोन पुनावळ्याच्या घरी पोचला, त्या दिवशी त्याच्या आईने, दुर्गाबाईंनी, निम्म्या सोसायटीला तो दाखवून आणला. परत आल्यावर सुनेला म्हणाल्या, "आता तुजा जुना फोन पूजाला दिऊन टाक. तुला काय कमी हाय?"

करिष्माने मुकाट्याने जुना फोन नणंदेला दिला. आपलं सिम काढून नव्या फोनमध्ये घातलं, तर वर ‘नो सर्व्हिस’. घरातल्या वायफायवर सगळं चालायचं, दार ओलांडलं की फोन मुका. जयदीपला सांगितलं तर तो हसला. "तिकडचे फोन तसेच असतात. घरात वायफाय आहे ना? बाहेर तुला कुणाशी बोलायचंय?"

तेव्हा तिला नुसता राग आला होता. द्वेष वाटू लागला तो पुढे. तिचे वडील ज्योतीराम चाकणच्या एका कारखान्यात कामाला. एका दुपारी शिफ्टमध्येच त्यांच्या छातीत कळ आली. करिष्मा तेव्हा वाकडला भाजी घेत होती. वडिलांना दवाखान्यात नेलं, भाऊ फोनवर फोन लावत राहिला, आणि ती पिशव्या घेऊन घराच्या दारात आली तेव्हा सगळे मेसेज एकदम येऊन आदळले. वडील वाचले. पण "तू उचललाच नाहीस गं, बाई," असं ते खाटेवरून म्हणाले, ते तिच्या काळजात रुतून बसलं.

ती तडक वाकडच्या विक्कीच्या मोबाइल दुकानात गेली. विक्कीने फोन उलटसुलट करून पाहिला. "ताई, हा तिकडच्या एका नेटवर्कला बांधलेला आहे. दुसरं कुठलंही सिम घेणार नाही. बाहेर कोणी करून देतो म्हणेल, पण फसाल. हा फोन ज्या कंपनीचा, तिच्या वेबसाइटवर अर्ज करा. हप्ते फिटले असले की खोलून देतात. फक्त ज्याच्या नावावर फोन आहे, त्याचा होकार लागतो."

नवऱ्याला पुन्हा विचारायचं नाही, हे तिने तिथेच ठरवलं. अर्ज गेल्यावर होकार द्यायचा की नाही, ते त्याचं तो बघेल. निदान नाही म्हणायला तरी त्याला बोटं हलवावी लागतील. तिने अर्ज भरला आणि खाली आपला नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअॅपवर अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, आणि चक्क मराठी.

"तुमचा अर्ज कंपनीने होकारासाठी माझ्याकडे पाठवलाय. हा फोन तुमच्याकडे कसा आला? माझ्या नावावरचा आहे तो. चोरीला गेला होता."

"चोरीला कसा जाईल? माझ्या नवऱ्याने पाठवलाय. जयदीपने."

त्या बाईने जयदीपचं आडनाव आणि ऑफिस विचारून घेतलं.

"जयदीपचा घटस्फोट झालाय," ती मग म्हणाली. "मला तसं सांगितलंय त्याने. आम्ही दोन वर्षं एकत्र राहतोय."

तिचं नाव मिनल. मूळची वाकडचीच. वाढदिवसाला तिने जयदीपला घेऊन दिलेला फोन त्याने चोरीला गेला म्हणून सांगितलं, तिच्याकडून नवा उकळला, आणि जुना बायकोला भेट म्हणून धाडला. दोघींनी एकमेकींना फोटो पाठवले. मिनल रडली. करिष्मा रडली नाही. दळण टाकायला सासू बाहेरच्या खोलीतून हाक मारत होती, तिला ‘आले’ म्हणून तिने दार आतून लावलं.

"तुमचा फोन मी आत्ताच खोलून देते," मिनल म्हणाली. "आणि याला आजच घराबाहेर काढते."

"नका काढू. दसऱ्याला तो इकडे येतोय."

"मग?"

"त्याचा आत्ताचा फोन कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच. नंबरही माझ्याच खात्यातला. बँकेचे, ऑफिसचे, सगळे कोड त्याच नंबरवर येतात त्याला."

"मग त्याला विमानात बसू द्या," करिष्मा म्हणाली.

तिथून दसऱ्यापर्यंत ती इतकी गोड वागली की दुर्गाबाईंनी शेजारी तिचं कौतुक केलं. जयदीपशी बोलताना ती हसायची, त्याच्यासाठी काय काय करून ठेवू ते विचारायची, आणि फोन ठेवला की दात घट्ट आवळून बसायची. वायफायचं कनेक्शन तिच्या नावावर होतं. तो यायच्या आदल्या दिवशी तिने ते बंद करून टाकलं.

जयदीप आला तो घामाघूम होऊन. मागच्या खेपेला त्याचा अमेरिकेचा नंबर इथे बिनदिक्कत चालला होता, या वेळी विमानतळापासून फोन मेलेला. टॅक्सीवाल्याच्या फोनवरून त्याने घरी कळवलं होतं. आईच्या साध्या फोनमधलं सिम घालून बघितलं, घेईना. वायफाय नाही. शेवटी करिष्माने त्याला विक्कीकडे नेलं आणि दुकानात शेजारी उभी राहिली.

"साहेब, माझ्या हातात काही नाही," विक्की म्हणाला. "ज्याच्या नावावर आहे, त्यालाच सांगा ना."

जयदीपने चोरून बायकोकडे पाहिलं. ती काचेतली कव्हरं बघत होती.

घरी आल्यावर त्याने हात पुढे केला. "आई म्हणते, तुझा आता बाहेरही चालतो. दे जरा. ऑफिसच्या मित्राला लावायचाय."

"मी लावून देते," ती म्हणाली. तिने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन सासूपुढे टीपॉयवर ठेवला.

"पोचलास का रे, घटस्फोट झालेल्या बायकोच्या घरी?" मिनलने विचारलं.

जयदीप फोनवर झेपावला, करिष्माने आधीच उचलून घेतला. मिनल बोलत राहिली, दोन वर्षांतलं एकेक. दुर्गाबाई आधी लेकाकडे बघत राहिल्या, मग उठून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. "हळू बोला की गं. समदी ऐकत्यात."

"ऐकू द्या," करिष्मा म्हणाली. "फोन आला तेव्हा तुम्ही दाखवायला गेलाच होतात की दारोदार."

"मिनल, तो नंबर तरी चालू कर," जयदीप काकुळतीला आला. "सोमवारी लॉगिन नाही झालो तर नोकरी जाईल."

"बाहेर तुला कुणाशी बोलायचंय?" करिष्माने विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याला अरेतुरे केलं.

त्याच संध्याकाळी ती बॅग घेऊन चाकणला वडिलांकडे गेली. ज्योतीरामांनी तिच्या हातातून बॅग घेतली. पुढे तिने वकील गाठला, एका कंपनीत कामाला लागली. जयदीपने दुसरा फोन घेतला, पण तो नंबर गेला तो गेलाच. ऑफिसने त्याला धारेवर धरलं, आणि परत गेल्यावर मिनलच्या दाराचं कुलूप बदललेलं होतं.

आता तो करिष्माला रोज मेसेज पाठवतो. माफ कर म्हणतो, एकदा बोल म्हणतो, कधी शिव्याही देतो. मैत्रिणी म्हणतात, ब्लॉक कर आणि मोकळी हो. ती करत नाही. ब्लॉक केलं तर त्याला कळेल आणि तो थांबेल. ती प्रत्येक मेसेज उघडून वाचते, आपण वाचल्याची निळी खूण त्याला दिसू देते, आणि कामाला लागते.