गोल टेबल आणि टोपण लावलेले पेन

मित्रांनो, मी एक जुने गोल टेबल आहे. एके काळी मोठमोठी माणसे माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसत. आता माझ्यावर फुटकी हेल्मेट आणि रंगाचे रिकामे डबे ठेवतात. त्याचे मला फारसे दुःख नाही. माझ्या मनाला लागले आहे ते वेगळेच.

माझा जन्म एका पुलाच्या कामावर झाला. नदीवर मोठा पूल व्हायचा होता, पण काम दोन वर्षे रखडले होते. बांधणारी कंपनी सरकारी बांधकाम खात्याकडे बोट दाखवायची आणि खाते कंपनीकडे. दोघेही कोर्टाची पायरी चढायला निघाले होते. तेवढ्यात कोणाला तरी सुबुद्धी झाली. दोघांनी मिळून एकच वकील नेमावा आणि समोरासमोर बसून वाट काढावी, असे ठरले.

वकीलबाई आल्या आणि त्यांनी आधी ऑफिसातले लांब टेबल बाहेर काढायला लावले. "लांब टेबलाला दोन बाजू असतात. मला बाजू नकोत," त्या म्हणाल्या. मग सुतारकाकांनी काँक्रीटच्या साच्याच्या फळ्या कापून मला गोल घडवले. कोणाच्या हाताला कुसळ टोचू नये म्हणून माझी कड त्यांनी चार वेळा घासली.

काम पुन्हा सुरू झाले आणि दर सोमवारी बैठक भरायची. वकीलबाईंचा एक नियम होता. पेन उघडे असताना बोललेले कागदावर जायचे. पण पेनाला टोपण लावून त्यांनी ते माझ्या मधोमध ठेवले, की पुढचे बोलणे फक्त अडचण सोडवण्यासाठी. ते पत्रात लिहायचे नाही आणि कोर्टातही सांगायचे नाही. दोन्ही बाजूंनी तसे लिहून दिले होते. "बाई, जरा टोपण लावा," असे कोणी म्हटले, की आता खरे बाहेर येणार हे मला कळायचे. त्या दिवसांत माझी छाती अभिमानाने फुगलेली असे.

कंपनीच्या इंजिनिअरना कामगार प्रेमाने 'ओळंबा' म्हणत, कारण ओळंब्याच्या दोरीसारखा माणूस अगदी सरळ. एका सोमवारी ते आले तेच घामाघूम होऊन.

"बाई, टोपण लावा. तिसऱ्या खांबाचा पाया चुकलाय. नवा नकाशा सकाळीच आला होता, पण मला वाटलं, कठड्याचा असेल. गेटवर काँक्रीटच्या गाड्या उभ्या होत्या. मी गुंडाळी उघडलीच नाही. जुन्याच नकाशावर पाया भरला."

"गप्प बसला असतात तर कोणाला कळलंही नसतं," वकीलबाई म्हणाल्या.

"मला तर कळलं होतं ना? खांब अजून वर गेलेला नाही. आत्ताच पाया रुंद केला तर पुढचा धोका टळेल."

खात्याचे साहेब समोरच बसले होते. "शाब्बास! अशी माणसं हवीत," ते म्हणाले. मीही हुरळून गेलो. पण मित्रांनो, टेबलाला वरचे दिसते तसे खालचेही दिसते. साहेबांच्या गुडघ्यावर एक छोटी वही होती. तोंडाने शाब्बास चालू होते आणि हातातली पेन्सिल इंजिनिअरचा शब्द न् शब्द टिपत होती. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

आठवड्याने खात्याचे पत्र आले. 'तुमच्या इंजिनिअरने चूक स्वतः कबूल केली आहे.' कंपनीने हात झटकले आणि इंजिनिअरना कामावरून काढून टाकले.

"तुम्ही शब्द दिला होता!" वकीलबाईंनी ते पत्र साहेबांसमोर ठेवले.

"नियम पेनाचा होता, बाई," साहेब हसत म्हणाले. "मी पेन्सिलीनं लिहिलं. पेन्सिलीला टोपण कुठे असतं?"

इंजिनिअर निरोप घ्यायला आले. माझ्यावर हात टेकून उभे राहिले. "तुम्ही टोपण लावलंत, म्हणून बोललो," एवढेच ते वकीलबाईंना म्हणाले. केसाने गळा कापणे म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पाहिले. तो माझ्या आडोशाने कापला गेला, म्हणून मला माझीच लाज वाटली.

तिसऱ्या खांबाचा पाया रुंद झाला. बैठकाही चालू राहिल्या, पण आता सगळे मूग गिळून बसत. मग एका सोमवारी सातव्या खांबाचे मुकादम घडी घातलेला कागद घेऊन आले. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावले. "बोला, मुकादम."

मुकादमांनी आधी वाकून माझ्याखाली पाहिले. तिथे वही नव्हती. तरीही त्यांनी कागद परत खिशात घातला.

"काही नाही, बाई. सगळं ठीक आहे."

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, असे मी म्हणणार नाही. कोणी विश्वासाने आपली चूक तुम्हाला सांगितली, तर ती त्याच्यावरच उलटवू नका, एवढेच मागतो. पुढच्या महिन्यात पूल सुरू होतोय. तुमच्या शाळेची बस त्यावरूनच जाणार आहे. मुकादमांच्या त्या कागदात काय होते, ते मला अजून माहीत नाही.