भिंतीला चार वेळा पाणी, बाबांना शून्य

माझे बाबा गवंडी आहेत आणि सध्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर भिंत बांधतायत. नव्या भिंतीला ते तान्ह्या बाळासारखं जपतात. सात दिवस, दिवसातून चार वेळा पाईपने पाणी मारायचं, नाहीतर या उन्हात तडे जातात म्हणे. कुणी विसरू नये म्हणून बांधल्याची तारीख आणि पाण्याच्या वेळा भिंतीवरच लाल अक्षरांत लिहायच्या. ती अक्षरं कुणी पुसली की बाबा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

आणि स्वतः? सकाळी घरून पेलाभर पाणी पिऊन निघाले की थेट डब्यापर्यंत कोरडे ठणठणीत! पिण्याचं पिंप तळमजल्यावर. "एका घोटासाठी चार मजले उतरू? तेवढ्यात माझे दोन थर होतात!"

परवा संध्याकाळी चहा पिताना त्यांची बोटं कपाभोवती आखडूनच बसली. आईने एकेक करून सोडवली. बाबा हसले, "थापी धरून धरून सवय लागलीय गं." मला मात्र हसू येईना. हीच बोटं चौथ्या मजल्यावर परांचीचा बांबू धरतात.

"बाबा, अंगात पाणी कमी पडलं की बोटं अशी आखडतात. कामावर पाणी पीत जा."

"बरं."

"बरं म्हणजे हो का?"

"बरं म्हणजे अभ्यास कर."

मग काय! सकाळी खुंटीवरच्या त्यांच्या शर्टाच्या पाठीवर मी जाड लाल मार्करने लिहिलं: 'बांधल्याची तारीख', पुढे त्यांची जन्मतारीख. 'पाणी: ८, १०, १२, २, ४. पुसू नये.' बाबांनी घाईघाईत शर्ट चढवला आणि गेले. स्वतःची पाठ दिसते कुणाला?

दुपारी मी बाबांचा डबा घेऊन गेले, तर खाली मुकादमकाका पोट धरून हसत होते. "अगं, पंचेचाळीस वर्षं जुना माल हा! याला आता कशाला पाणी?"

"काका, अजून पक्का झालेला नाही."

काकांनी माल चढवायच्या कप्पीला पाण्याचा कॅन बांधला होता. "आठचं आणि दहाचं झालं. लेखी असल्यावर मी कोण टाळणारा?"

वरून गर्जना झाली, "कार्टे! घरी येऊ दे, मग बघतो तुला!"

"बघा! पण पुसायचं नाही हं, तुमचाच नियम!"

वर थापीची ठकठक पुन्हा सुरू झाली. मग जरा वेळाने वरून हाक आली, "बारा वाजून पाच मिनिटं झाली! पाणी कुठाय?"

"आमच्याही पाठीवर लिही गं पोरी!" प्लास्टरवाले काका तिसऱ्या मजल्यावरून ओरडले.

संध्याकाळी बाबांनी चहाचा कप उचलला. आई आणि मी श्वास रोखून बघत होतो. चहा संपला, कप खाली टेकला आणि बाबांनी पाचही बोटं माझ्या नाकासमोर फडफडवली.

"झालं समाधान, इंजिनिअरबाई?"

आई म्हणाली, "आता तो शर्ट टाका धुवायला."

"छे! सात दिवस हात लावायचा नाही. नियम आहे."

"मग सात दिवस तुम्ही आणि तुमचा शर्ट, दोघंही बाहेर झोपा!"