अरांगो उठला त्याची कहाणी

"काका, आधी कुशीवर घेऊ, का म्याच लावू?"

गोरक्षने दारातूनच विचारलं. धार काढायचं काम थोरल्या भावावर टाकून तो आज शेजारच्या हंगा गावाहून अंधारातच निघाला होता. मोटरसायकलीवर भिजलेला शर्ट अंगाला चिकटला होता.

"आधी कुशीवर घे," नारायणराव म्हणाले. "पाच वाजायला दहा मिनिटं आहेत अजून."

गोरक्षने पलंगावरच्या अनीशच्या खांद्याखाली एक हात घातला, दुसरा गुडघ्याखाली, आणि हलकेच त्याला डाव्या कुशीवर वळवलं. पाठीशी उशी लावली. सात महिन्यांत त्याचा हात इतका बसला होता, की नगरहून दोनदा आलेल्या नर्सबाईसुद्धा त्याच्याकडे बघत राहिल्या होत्या. अनीशचे डोळे उघडे होते. सकाळी उघडत, रात्री मिटत, पण ते कुणाकडे बघत नसत. सव्वीस वर्षांचा मुलगा, सुप्याच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि आता नाकातल्या नळीतून भाताची पेज.

नारायणरावांनी मोबाईल स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर फुटबॉलचं हिरवं मैदान होतं आणि किरमिजी शर्टांचे अकरा जण छातीवर हात ठेवून राष्ट्रगीत म्हणत होते. व्हेनेझुएला विरुद्ध कोलंबिया. जिंकले तर वर्ल्ड कपच्या निदान दाराशी तरी जाऊन उभे राहणार होते. दक्षिण अमेरिकेच्या पात्रता फेरीतल्या दहा देशांत वर्ल्ड कप कधीच न खेळलेला हा एकटाच.

चौतीस वर्षं पारनेरच्या कचेरीत काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला व्हेनेझुएलाशी काय देणंघेणं, असं कुणी विचारलं असतं तर ते रास्तच होतं. गेल्या फेब्रुवारीपर्यंत हा देश नकाशात नेमका कुठे आहे तेही नारायणरावांनी छातीठोकपणे सांगितलं नसतं. वेड होतं ते अनीशचं. आठवीत असताना कुठून तरी लागलं आणि मग सुटलंच नाही. निळ्या वहीत एकेका खेळाडूला एकेक पान. "सगळं जग ब्राझीलच्या मागे, तुझं हे काय जगावेगळं?" असं विचारलं की म्हणायचा, "बाबा, ब्राझीलला टाळ्या वाजवायला कुणीही येतं. पावसाची वाट बघणं म्हणजे काय, ते पारनेरच्या माणसाला विचारा. हे तसले आहेत."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी शाळेच्या मुरमाड मैदानावर सामना होता. उंच चेंडूवर दोघांनी उडी घेतली. गोरक्षचं कोपर अनीशच्या कानशिलावर बसलं, आणि अनीश खाली आला तो कोपऱ्यातल्या दगडावर. दोघं पाचवीपासूनचे जिवलग मित्र. पोलिसांनी अपघात लिहिला, गावाने अपघात म्हटलं, नारायणरावांनीही म्हटलं. अनीशच्या आई, दमयंतीबाई, काहीच म्हणाल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या गोरक्षशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. तो रोज येई, त्यांच्या मुलाला वळवी, पुशी, त्याचे पाय चोळी. त्या त्याचा चहा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवीत आणि आत निघून जात.

जून महिन्यात नगरच्या डॉक्टरांनी हात टेकले. "जो फरक पडायचा तो पडलाय. आता घरीच ठेवा. बोलत राहा त्याच्याशी, त्याच्या आवडीचं." एवढं सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळले. बुडत्याला काडी हवी असते. नारायणरावांनी घरी येऊन निळी वही उघडली, आणि दुसऱ्याच पानावर ते थांबले.

हुआन अरांगो. मारकाय गावचा, डावखुरा. स्पेनमध्ये मायोर्काकडून खेळत असताना, २००५ साली, समोरच्याचं कोपर तोंडावर बसलं. जागीच बेशुद्ध. जीभ घशात गेली, दवाखान्यात हलवलं. आणि तो उठला. पुन्हा खेळला. पुढे जर्मनीत गेला आणि डाव्या पायाने अशा काही फ्री किक मारल्या, की गोलकीपर नुसते बघत राहिले. पानाच्या शेवटी अनीशने ठळक अक्षरांत लिहिलं होतं : उठला!!

त्या दोन उद्गारचिन्हांवर नारायणराव त्या दिवशी ढसाढसा रडले.

मग श्रावण लागला. दरवर्षी श्रावणात दमयंतीबाई कहाण्या वाचत आणि ऐकणाऱ्याच्या हातात अक्षता देत. हात रिकामा ठेवून कहाणी ऐकू नये, अर्धी सोडू नये, आणि संपली की अक्षता देवापुढे ठेवाव्यात, असा त्यांच्या घरचा शिरस्ता. यंदा त्यांनी पोथीला हात लावला नाही. "तुम्हीच वाचा त्याच्या वहीतलं," म्हणाल्या. "पण रीतीने वाचा." तेव्हापासून पलंगाशेजारी रोज एका खेळाडूची कहाणी होऊ लागली. बाई चार दाणे स्वतःच्या हातात घेत, चार नवऱ्याला देत, आणि अनीशची घट्ट आवळलेली मूठ बोट-बोट उकलून चार तिच्यात ठेवीत. गोरक्ष उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून ऐके. त्याला दाणे मिळत नसत, आणि त्याने कधी मागितलेही नाहीत.

अडचण चौथ्याच दिवशी आली. २०१७चा वीस वर्षांखालचा वर्ल्ड कप. व्हेनेझुएलाची पोरं फायनलला गेली, इंग्लंडशी एका गोलने मागे होती, आणि त्यांच्या पेन्यारांदाला पेनल्टी मिळाली. ती गोलकीपरने अडवली.

"असं नाही," दमयंतीबाईंनी मध्येच थांबवलं. "आजाऱ्यापुढे कहाणी सुफळच व्हायला हवी. गोल झाला म्हणा."

"अगं, पण तो झाला नाही."

"तुम्हाला तिथे कोण विचारायला येतंय?"

नारायणराव म्हणाले, गोल झाला. नुसते म्हणाले नाहीत, तर पुन्हा वाचताना अडखळायला नको म्हणून वहीत अनीशच्या ओळीवर पेन्सिलीने तसं लिहूनही ठेवलं. ज्या माणसाने आयुष्यभर हाताखालच्या पोरांना शिकवलं, की नोंद चुकली तर खोडू नका, खरवडू नका, एक सरळ रेघ मारा, वर बरोबर ते लिहा आणि बाजूला तारखेसह सही करा, म्हणजे कुणी दुरुस्त केलं ते जगाला कळेल, त्याच माणसाने पोटच्या पोराच्या वहीत चोरासारखं बिनसहीचं पेन्सिलीने लिहिलं. मग सवयच लागली. स्पेन, रशिया, इंग्लंड, चीन, अर्जेंटिना, मेक्सिको अशी अर्ध्या जगाची पायपीट करूनही कधी वर्ल्ड कप न खेळलेला रोंदोन त्यांच्या पेन्सिलीत वर्ल्ड कप खेळून आला. अठराव्या वर्षी जगातल्या पहिल्या तीन महिला खेळाडूंत नाव लागलेली देयना दमयंतीबाईंची लाडकी, म्हणून तिला पहिला नंबर मिळाला. गोरक्षला सगळं खरं ठाऊक होतं. तो बाहेर मान खाली घालून ऐकत राही.

आणि ऑगस्टच्या शेवटी नारायणरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कौल लावला. कुठल्या देवाला नाही, तर या सामन्याला. १० सप्टेंबरला हे जिंकले, तर अनीशची नजर ओळखीची होईल. बायकोलाही सांगितलं नाही. सामना पितृपक्षात येत होता, त्यावर असलं काही मनात धरू नये हे त्यांना कळत होतं. पण माणूस सगळीकडून कोंडला की कळण्याचा काही उपयोग नसतो.

तिसऱ्याच मिनिटाला व्हेनेझुएलाने गोल केला.

"बसला! काका, बसला!" गोरक्ष ओरडला, आणि दमयंतीबाईंची चाहूल लागताच गप्प झाला. नारायणरावांनी पडद्याकडे नाही, अनीशकडे पाहिलं. डोळे उघडे होते, भिंतीकडे.

कोलंबियाने फेडला. दोन मिनिटांत पुन्हा यांचा गोल. दोनदा पुढे! नारायणरावांनी अनीशचा पाय धरला आणि सोडलाच नाही. मध्यंतराला दोन-दोन झाले होते.

"अजून हाय, काका. पंचेचाळीस मिन्टं हायत."

"होय रे. आहेत ना."

बाहेर उजाडलं. मध्यंतरानंतर कोलंबियाच्या एकाच पुढच्या खेळाडूने एक गोल मारला, मग दुसरा, मग तिसरा. गोरक्षने आपल्या मोबाईलवर दुसऱ्या सामन्याचा आकडाही पाहिला. तिकडे बोलिव्हिया चक्क ब्राझीलला हरवत होतं, म्हणजे यांची जागा ते घेऊन चालले होते. मग रोंदोनने एक गोल केला. छत्तिशीला टेकलेला माणूस, चेंडू जाळ्यात गेला तरी त्याच्या तोंडावर आनंदाची रेघ नाही. पाठोपाठ कोलंबियाचा सहावा गोल बसला. तीन-सहा. शिट्टी वाजली, आणि किरमिजी शर्टातला एक जण गवतावर तोंड खुपसून पडला.

नारायणरावांनी मोबाईल पालथा घातला. अनीशच्या तोंडाजवळ वाकले. "अनीश. अरे, इकडे बघ. एकदाच बघ रे राजा." भिंतीकडची नजर भिंतीकडेच राहिली. त्यांना वाटलं, त्या मैदानावरच्या अकरा जणांना जाऊन गदगदा हलवावं आणि विचारावं, तुमच्यावर मी माझा मुलगा लावला होता, तुम्हाला ठाऊक तरी होतं का? आणि मग वाटलं, आता उद्यापासून आपण कशाची वाट बघायची?

दमयंतीबाई अंघोळ करून अक्षतांची वाटी घेऊन आल्या, तसा गोरक्ष उठून उंबऱ्याबाहेर गेला. "झाला का सामना? काय झालं?"

नारायणरावांनी हात पुढे केला. बाईंनी चार दाणे दिले, चार स्वतः घेतले, आणि अनीशची मूठ उकलून तिच्यात ठेवले. वहीत शेवटच्या पानावर अनीशने या सामन्याची तारीख जानेवारीतच लिहून ठेवली होती आणि पुढची ओळ कोरी सोडली होती.

"आजची कहाणी," नारायणरावांनी सुरुवात केली. "व्हेनेझुएला आणि कोलंबिया. तिसऱ्याच मिनिटाला आपला गोल झाला. मग त्यांचा. मग पुन्हा आपला. आणि मग, शेवटी, शेवटी आपण..."

"काका, नगा."

उंबऱ्यावर गोरक्ष उभा होता. त्याचं तोंड ओलं झालं होतं.

"त्याला खोटं न्हाई सांगायचं. आजपातूर मी गप ऱ्हायलो, माझ्या तोंडाला बोलायला जागाच न्हवती. पर त्यो तसला न्हाई, काका. ही लोकं कितीबी हरली तरी दुसऱ्या दिशी तोच शर्ट घालून मैदानावर यायचा. आमी लई चिडवायचो. म्हनायचा, गोऱ्या, जितल्यावर कुनीबी घालतंय. त्यो ऐकत आसंल तर त्याला वाटंल, ह्यो आपला बापच न्हाई."

दमयंतीबाई उठल्या आणि वाटी घेऊन दाराशी गेल्या. आता या बोलणार ते सात महिन्यांचं एकदम बोलणार, असं वाटून नारायणराव अर्धवट उठले. गोरक्षने मार खायला उभं राहावं तसे हात खाली सोडले होते.

"हात पुढे कर," दमयंतीबाई म्हणाल्या.

त्याला कळेना.

"कर म्हणते ना. ऐकायचं तर हात रिकामा नसावा. आणि उंबऱ्यात काय उभा राहतोस, आत ये."

त्यांनी चार दाणे त्याच्या पंजात ठेवले आणि त्याची बोटं आपल्या हाताने मिटवली. ज्या हाताचं ते कोपर होतं, तोच हात. गोरक्ष लहान पोरासारखा हुंदके देत आत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसला.

नारायणरावांनी खिशातलं पेन काढलं. चौथ्या दिवसाचं पान उघडलं. पेन्सिलीने लिहिलेल्या 'गोल झाला'वर एक सरळ रेघ मारली. खाली अनीशचं अक्षर जसंच्या तसं होतं, 'पेनल्टी अडवली'. बाजूला सही केली, तारीख घातली. रोंदोनचं पान, देयनाचं पान. प्रत्येक ठिकाणी रेघ, सही, तारीख. अरांगोच्या पानावर त्यांचा हात थांबला, पण तिथे दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. तेवढं एक पहिल्यापासून खरंच होतं. मग शेवटच्या पानावरच्या कोऱ्या ओळीत त्यांनी कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं : व्हेनेझुएला ३, कोलंबिया ६. आणि सुरुवातीपासून सगळं वाचलं, मोठ्याने, कुठेही न चुकवता. अडवलेली पेनल्टी, रोंदोनची अर्ध्या जगाची पायपीट, आणि गवतावर तोंड खुपसून पडलेला तो किरमिजी शर्ट.

"हरले," ते अनीशला म्हणाले. "हरले रे बाळा. यंदाही हरले."

अनीश भिंतीकडे बघत होता.

"अक्षता कुठे ठेवू?" त्यांनी बायकोला विचारलं. सुफळ न झालेल्या कहाणीच्या अक्षतांचं काय करायचं ते कुठल्याच पोथीत नव्हतं.

दमयंतीबाईंनी आपली मूठ मिटली. "राहू द्या हातातच," त्या म्हणाल्या.

खिडकीच्या कट्ट्यावर आज चहा ठेवलेला नव्हता. आठ वाजत आले, कूस बदलायची वेळ झाली. गोरक्ष उठला, एक मूठ मिटलेलीच ठेवून त्याने दुसरा हात अनीशच्या खांद्याखाली घातला, आणि गुडघ्याखाली पहिल्यांदाच दमयंतीबाईंनी हात लावला. दोघांनी मिळून त्याला उजव्या कुशीवर, दाराकडे तोंड करून वळवलं.

चौघांच्याही मुठी मिटलेल्या होत्या.