लेसोथोला जाऊन आलेला कुकर

मित्रांनो, मी एक जुना, तीन लिटरचा प्रेशर कुकर आहे. माझा दांडा जळका आहे, बूड काळं पडलं आहे आणि माणसांबद्दलचं माझं मत फारसं बरं नाही. का, ते ऐका.

कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा दाबून मला घडवलं. तिथून तुळशीबागेतल्या दुकानात आलो. कोथरूडच्या आनंदीबाईंनी मला चहूबाजूंनी ठोकून पाहिलं, दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घातली आणि घरी नेलं. पुढे वीस वर्षं मी रोज त्यांचा वरण-भात शिजवला. "असा कुकर आता मिळायचा नाही हो," असं त्या शेजारणींना सांगत, तेव्हा मला मूठभर मांस चढे. त्यांचा मुलगा श्रीधर माझ्यातलाच भात खाऊन मोठा झाला. म्हणजे वयाने. बाकी प्रगती मला तरी दिसली नाही.

श्रीधरचं हेमावर प्रेम होतं. ती दुबईत नोकरीला, हा इथे बँकेत. तीन वर्षं दर रविवारी फोन चाले. हा बोलायचा आणि ती ऐकायची. शेवटी हेमा म्हणाली, लग्नाचं ठरवण्याआधी बारा दिवस एकत्र प्रवास करू, जिथे दोघांच्याही ओळखीचं कुणी नाही अशा ठिकाणी. तिने लेसोथो निवडला. दक्षिण आफ्रिकेच्या पोटातला तो छोटा डोंगराळ देश श्रीधरने नकाशात कसाबसा शोधला आणि विचारलं, "तिथे बघण्यासारखं आहे काय?" स्वतः सिंहगडापलीकडे फारसा न गेलेला माणूस!

बॅग भरताना आनंदीबाई म्हणाल्या, "तिकडे काय खातात कोणास ठाऊक. कुकर ने." माझ्या पोटात मूगडाळ, तांदूळ आणि मेतकूट कोंबलं. मी बॅगेत बसावं म्हणून स्वेटर घरी राहिला.

चौथ्या दिवशी डोंगरातल्या एका गावात पालेसा नावाच्या बाईंकडे मुक्काम होता. पाहुणे मांस खात नाहीत, हे हेमाने आधीच कळवलं होतं. म्हणून त्या बाईंनी दुपारभर खपून पालेभाजी खुडली, चिरली, शिजवली आणि सोबत मक्याच्या पिठाची घट्ट उकड केली. श्रीधर कुडकुडत होता, तर स्वतःचं लोकरीचं ब्लँकेट त्याच्या खांद्यांवर घातलं. ते त्याने घेतलं. ताट समोर आल्यावर मात्र हसून मान हलवली, मला बाहेर काढलं आणि त्यांच्याच शेगडीवर खिचडी लावली. सांगायला लाज वाटते, पण मीही तीन शिट्ट्या दिल्या, चांगल्या खणखणीत. पालेसाबाईंनी त्याचं ताट उचललं आणि आत नेलं.

"त्यांनी तुझ्यासाठी भाजी खुडली, श्रीधर," हेमा म्हणाली.

"मी कुठे नावं ठेवली? पोट बिघडलं तर इथे डॉक्टर तरी आहे का? मी आपलं आपण करून घेतलं."

"तीन वर्षं तू तेच करतोयस."

एवढं ऐकल्यावर कुणीही उठून एक घास खाल्ला असता. श्रीधर मेतकुटाची पुडी शोधू लागला.

हेमा आत जाऊन पालेसाबाईंच्या शेजारी जेवायला बसली. उरलेले आठ दिवस ती जिथे जाईल तिथल्या माणसांबरोबर जेवली आणि श्रीधर माझ्याबरोबर. परतताना विमानतळावर त्याने विचारलं, "मग लग्नाचं काय?" ती "नाही" म्हणाली आणि दुबईच्या विमानाकडे निघून गेली. तिला खिचडी आवडत नसावी, असं त्याला अजून वाटतं.

आता तो सगळ्यांना सांगतो, "तिकडे खायचे फार हाल." आनंदीबाईंनी स्टीलचा नवा कुकर आणला आणि मी माळ्यावर पडलो. माझी रिंग वाळून कडक झाली आहे, झाकणात झुरळं फिरतात.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना असं टाकू नका. घासा, पुसा, रिंग बदला, घरी हवं तेवढं राबवा. पण दुसऱ्याच्या घरी जाल तेव्हा आम्हांला मागेच ठेवा. कुणी तुमच्यासाठी राबून ताट वाढलं, तर निदान हात धुऊन जेवायला बसा. त्या दिवशीची पालेभाजी फार छान झाली होती. हेमाने ती दोनदा मागून घेतली.