किल्ली एकाकडे, तपासणी दुसऱ्याकडे

१९६६ साली तंजावरच्या एका बस कंपनीने छिद्रं पाडलेल्या कार्डांवर चालणारी यंत्रं आणली. कोणत्या ड्रायव्हरची पाळी कोणत्या गाडीवर, तेही कार्डांवरूनच ठरू लागलं. यंत्रखोलीची किल्ली प्रतापसिंहाकडे असे. आत कोणाला सोडायचं हे तो ठरवी, आणि आत काही लबाडी झाली नाही ना, हेही तोच तपाशी.

नव्या मॅनेजरने, वैद्यनाथने, तपासणी त्याच्याकडून काढून कमलाक्षीला दिली. ती प्रतापसिंहाची धाकटी भावजय. कार्डं पंच करायला तिथेच होती. दोघं राहायची एकाच घरात.

"माझ्यावर पहारा ठेवणार तू?" त्या रात्री प्रतापसिंहाने पुढचं जेवणाचं पान दूर सारलं. "नोकरी मी लावली तुला!"

"पहारा तुमच्यावर नाही, भावजी. खोलीवर आहे."

"खोली म्हणजे मीच."

त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. कचेरीत तिला दाराबाहेर ताटकळत ठेवी. नवरा म्हणाला, "अण्णाशी वाकडं कशाला घेतेस? तपासल्याची सही कर नि मोकळी हो."

एके दिवशी सांबशिव ड्रायव्हरने तिला फाटकाशी गाठलं. "अम्मा, दर आठवड्याला ओरत्तनाडूचा मुक्काम माझ्याच माथी. बायको अंथरुणाला खिळलीय. पाळी बदलतच नाही का?"

कमलाक्षी चपापली. शनिवारी तपासताना तिने स्वतः त्याचं कार्ड रात्री परतणाऱ्या पापनाशमच्या गाडीवर पाहिलं होतं. म्हणजे तिची तपासणी झाल्यावर कोणीतरी कार्ड बदलत होतं.

पुढच्या रविवारी, सुट्टी असताना, ती न सांगता कचेरीत गेली. यंत्रखोली उघडी होती. पंचिंगच्या यंत्रावर प्रतापसिंहाचा मेहुणा रघोजी बसला होता. तोही कंपनीत ड्रायव्हर. त्याला बाहेरगावचा मुक्काम नको असे. मागे प्रतापसिंह उभा होता.

"घरी जा," तो शांतपणे म्हणाला. "तू काही पाहिलं नाहीस."

"पाहिलं, भावजी."

"मग त्या घरात तुझं ताट वाढलं जाणार नाही."

ती तशीच वैद्यनाथच्या घरी गेली आणि सगळं सांगितलं.

सोमवारी किल्ली काढून घेतली गेली. वैद्यनाथने ती तिच्यासमोर धरली. "आता दोन्ही तुम्हीच सांभाळा."

"नको, सर. मग मला कोण तपासणार?"

"तुमच्यावर माझा विश्वास आहे."

"भावजींवरही होता सगळ्यांचा."

वैद्यनाथ चिडला. "मग कोणाला देऊ?"

"सुब्रमण्यमला. तो माझी एकही चूक झाकणार नाही."

सुब्रमण्यम कचेरीतलाच, प्रतापसिंहाचा दोस्त. ती दिसली की तो थुंकायचा. किल्ली त्यालाच मिळाली. पहिल्याच दिवशी त्याने तिला बंद दारापाशी उभं ठेवलं. ती हलली नाही. शेवटी कुलूप आदळत त्याने दार उघडलं.

सांबशिव पापनाशमच्या गाडीवर गेला. रघोजीला ओरत्तनाडूचा मुक्काम लागला.

घरात मात्र चूल वेगळी झाली. मागच्या पडवीत कमलाक्षीने एकटीने विटा मांडल्या. धुराने डोळे चुरचुरत होते. नवरा बराच वेळ उंबऱ्यात घुटमळला. मग पडवीत येऊन तिच्यापुढे पानावर बसला.